कळ कोणाच्या हातात?

गेवराई तालुक्यातलं तलवाडा हे त्वरितादेवीचं गाव. बीड जिल्ह्याच्या या उत्तरेकडच्या पट्ट्यात एका दिवसात कानावर पडणारं संगीत टिपायला घेतलं, तर यादी लांबत जाते. पहाटे देवळाच्या कर्ण्यातून काकडा येतो. कापूस वेचणाऱ्या बायांपैकी एकीच्या कमरेला मोबाइल वाजत असतो आणि तासातल्या सगळ्याजणी तो ऐकतात. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर नजरेआड गेला तरी त्यावरची गाणी ऐकू येत राहतात. दिवेलागणीला हरिपाठ असतो, नवरात्र असेल तर संबळ आणि आराध्यांची गाणी असतात, आणि बाजेवर आडवा झालेला कॉलेजचा मुलगा कानात इअरफोन घालून वेगळंच काही ऐकत असतो. यांतल्या कोणालाही आवड विचारली तर उत्तर एखाद्या गायकाच्या किंवा गाण्याच्या प्रकाराच्या नावानं येईल. ते उत्तर खोटं नसतं, पण अपुरं असतं. या प्रकरणात मला मांडायचं आहे ते असं: संगीत ऐकण्याची सवय आवडीतून जेवढी घडते, त्याहून जास्त ती दिवसाच्या घडणीतून घडते. हात कशात गुंतलेत, शेजारी कोण आहे, आणि गाणं निवडण्याचा, सुरू करण्याचा, थांबवण्याचा हक्क कोणाकडे आहे, यांवर ती उभी असते. यांतला शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत निर्णायक वाटतो. साधन बदललं म्हणून ऐकणं बदललं असं आपण सहज म्हणतो. नीट पाहिलं तर बहुतेक वेळा साधनाबरोबर हा हक्कही एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला दिसतो.

सुरुवात जात्यापासून करावी लागेल, कारण एकट्यानं ऐकण्याची चर्चा आपल्याकडे इअरफोनपासून सुरू होते आणि जातं विसरलं जातं. गावात पिठाची गिरणी येण्याआधी घरातली बाई उजाडायच्या आत दळायला बसे. घर झोपलेलं असे. तिच्या ओव्या ऐकणारी बहुधा ती स्वतः, आणि फार तर खुंट्याला दुसरा हात लावणारी जाऊ किंवा नणंद. गाणारी आणि ऐकणारी एकच असेल तर त्याला ऐकणं म्हणायचं का? म्हणायला हवं, असं ओवीच्या रीतीवरूनच दिसतं. एक ओळ म्हणून झाली की जात्याचे फेरे चालू असताना तीच पुन्हा घोळवली जाते, गाणारीच्याच कानावर पुन्हा पडते, आणि त्या अवधीत पुढची सुचते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांचा मोठा भाग आज ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता आणि ऐकता येतो. त्यात पंढरीचा विठ्ठल आहे, राम-सीता आहेत, भाऊ आणि माहेर आहे, आणि दिवसाउजेडी सासरी उच्चारता येणार नाही अशी गाऱ्हाणीही आहेत. शेजारच्या माजलगावातल्या भीमनगरमध्ये १९९६ साली याच प्रकल्पासाठी ध्वनिमुद्रण झालं, ते बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्यांचं. त्या ओव्यांना आकाशवाणीनं वेळ दिला नव्हता की कोणत्या कंपनीनं तबकडी काढली नव्हती. बायांनी विषय स्वतः निवडला आणि तो आपल्या वेळेत, आपल्या आवाजात ऐकला.

या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचा मोह टाळायला हवा. दळण हे काही हौसेचं काम नव्हतं. झोपेतून उठून रोज पाच-सहा माणसांचं पीठ काढणं हे कष्टाचं होतं आणि ते नाकारण्याची मुभा बाईला नव्हती. निवड होती ती फक्त गाण्याची. पण तेवढ्यापुरती ती पूर्ण होती, आणि घरातल्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीत तिला एवढी मुभा क्वचितच असे. म्हणून पुढे जे घडलं ते माझ्या म्हणण्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा ठरतं. गिरणी आली आणि पाच-पंचवीस वर्षांत ओवी रोजच्या दिवसातून निघून गेली. तिची आवड संपली नव्हती, कारण संशोधक दारात आले तेव्हा बायांना शेकडो ओव्या तोंडपाठ होत्या. संपला होता तो तास. विहिरीवर विजेचा पंप बसला तशी मोटेवरची गाणी गेली, मळणीयंत्र आलं तशी भलरी विरळ झाली, यांचंही कारण तेच. आवड जागेवर असते. तिला जागा देणारं काम उठून जातं.

जात्याच्या दुसऱ्या टोकाला सप्ताह आहे. बीड जिल्ह्यात भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड अशा गडांच्या परंपरेनं अखंड हरिनाम सप्ताहाला मोठं बळ दिलं. इथल्या गावाचं वर्ष सप्ताहाशिवाय पुरं होत नाही. पहाटे काकडा, दिवसा पारायण आणि गाथाभजन, दुपारनंतर प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा त्याचा क्रम ठरलेला. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, म्हणून तिचे पहारे लागतात. पहाऱ्याला उभा असलेला माणूस मध्यरात्री जे ऐकतो ते त्यानं मागवलेलं नसतं, तो फक्त आपल्या वाट्याच्या वेळेला हजर असतो. इथं निवड व्यक्तीच्या हातात नाही. ती परंपरेच्या हातात आहे, आणि थोडीशी कीर्तनकाराच्या. तरीही या श्रोत्याला कोणी बिचारा म्हणणार नाही, कारण त्याच्या हातात टाळ आहे. कीर्तनकार गद्य बोलता बोलता थांबतो, मागचे टाळकरी चाल उचलतात आणि मंडपातली माणसं त्यांच्या पाठोपाठ म्हणू लागतात. ऐकणं आणि म्हणणं यांच्यातली भिंत इथं फार पातळ आहे. निवडीचा हक्क सोडल्याच्या बदल्यात श्रोत्याला सहभागाचा हक्क मिळतो. हा व्यवहार लक्षात ठेवायला हवा, कारण नंतरच्या साधनांनी अनेकदा निवड काढून घेतली आणि बदल्यात सहभागही दिला नाही.

तबकडीच्या बाबतीत हे स्पष्ट दिसतं. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गनं १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात भारतातली पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणं केली, त्यांत गायिका गौहरजान होत्या. तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटं मावत. त्याच काळात मराठी नाट्यगृहात प्रेक्षक पद आवडलं की ‘वन्समोअर’ देत, नट पुन्हा गाई, पुन्हा मागणी येई, आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. तिथं पद किती लांबायचं हे प्रेक्षक आणि गायक मिळून ठरवत. तबकडीनं ते आधीच ठरवून टाकलं. पण तिनं दुसरं एक दिलं: बालगंधर्वांचा आवाज नाटक कंपनी जिथं कधीच पोहोचली नसती अशा ठिकाणीही पोहोचला. मात्र ग्रामोफोनची पेटी विकत घेणाऱ्याच्याच घरी. तिची किंमत पाहता, तलवाड्यासारख्या गावातल्या बहुतेकांसाठी ती यात्रेत किंवा मोठ्या वाड्याच्या ओसरीवर लांबून ऐकायची वस्तू राहिली.

रेडिओनं निवडीचा हा प्रश्न देशपातळीवर नेऊन ठेवला. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे संगीतज्ञ गृहस्थ केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. लोकांची अभिरुची शास्त्रीय संगीतानं घडवावी, हे त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यासाठी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. त्याआधी, १९४० पासूनच, आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती आणि ती तीन दशकं टिकली. म्हणजे महाराष्ट्रातल्या भजनात, कीर्तनात आणि नाट्यपदात जे वाद्य रोज वाजतं, त्याला सरकारी माइकसमोर जागा नव्हती. श्रोत्यांनी सभा भरवली नाही की मोर्चा काढला नाही. त्यांनी कळ फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. १९५२ च्या डिसेंबरात तिथं अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. या प्रसंगातून केसकरांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. शास्त्रीय संगीताच्या कलावंतांना संस्थानांचा आश्रय तुटल्यावर आकाशवाणीनं पोटाला लावलं, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण श्रोत्याच्या वतीनं दुसऱ्यानं निवड करायची ठरवली आणि श्रोत्याकडे दुसरं स्टेशन असलं, तर काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्या इतिहासात दुसरं नाही.

त्याच दशकात उलटं उदाहरणही घडलं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आणि आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं. इथंही निवड केंद्रानंच केलेली होती, पण ती लोकांनी आपली मानली. कारण कथा आधीच घराघरांत होती, आणि ऐकण्याची रीतही. ठरल्या वेळी एकत्र जमून रामाची कथा ऐकणं हे मराठी माणसाला शिकवावं लागलं नाही. रेडिओ एका जुन्या सवयीच्या जागी येऊन बसला. बीड जिल्हा तेव्हा अजून हैदराबाद राज्यात होता, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत. मराठवाड्याच्या बोलीत आणि वळणात बोलणारं परभणी केंद्र १९६८ साली आलं. तोवर इथल्या श्रोत्यासाठी रेडिओवरची मराठी ही बरीचशी पुण्या-मुंबईची मराठी होती.

साधन आणि सवय यांतला फरक दाखवणारा एक प्रयोग याच वेळी महाराष्ट्रात झाला. १९५६ च्या सुरुवातीला युनेस्को आणि आकाशवाणी यांनी मिळून पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत ‘श्रोतामंडळं’ स्थापली. गावकरी ठरल्या वेळी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर बोलत. पॉल न्यूरात या समाजशास्त्रज्ञानं या गावांची तुलना रेडिओ आहे पण मंडळ नाही अशा गावांशी, आणि रेडिओच नाही अशा गावांशी केली. मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती त्या मानानं फारच थोडी होती. प्रयोग संगीताचा नव्हता, हे मान्य. पण पेटी आणून ठेवली म्हणजे ऐकणं घडतं, हा समज त्यानं मोडला. ऐकणं घडतं ते पेटीभोवती माणसं कशी बसतात त्यावर. आणि गावातल्या घरांत ती कशी बसत? रेडिओ ओसरीवर किंवा बैठकीच्या खोलीत, कर्त्या पुरुषाच्या हाताशी. बातम्या, बाजारभाव आणि त्याला आवडेल ते गाणं. स्वयंपाकघरात ते भिंतीपलीकडून येई. जात्यावर निवडीची मालकीण असलेली बाई रेडिओच्या काळात दुसऱ्यानं लावलेलं ऐकणारी झाली.

कॅसेटविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिची कहाणी अनेकांनी सांगितली आहे. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात दाखवलं आहे की ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या विक्रीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा कॅसेटचा झाला होता. एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि छोट्या निर्मात्यांनी बोलीतली, जातीपातींतली, यात्रेजत्रेतली गाणी बाजारात आणली. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज एकीकडे पंढरीच्या भक्तिगीतांतून आणि दुसरीकडे भीमगीतांतून मराठवाड्याच्या प्रत्येक एसटी स्टँडवर पोहोचला. वामनदादा कर्डकांसारख्यांची गाणी आधी जलशांतून आणि तोंडी फिरत होती, ती आता पैसे देऊन घरी नेता येऊ लागली. ज्या वस्तीच्या गाण्याला रेडिओनं वेळ दिला नव्हता, तिनं आपला वेळ स्वतः विकत घेतला. आणि गाणं मागे घेऊन तेच पुन्हा ऐकणं पहिल्यांदाच साध्या माणसाच्या बोटाशी आलं.

मोबाइल आला तो आधी इंटरनेटशिवाय. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात थोडे पैसे दिले की दुकानदार मेमरी कार्ड ‘भरून’ देई. त्यात काय यावं हे काही गिऱ्हाईक सांगे, बरंचसं दुकानदार ठरवी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि कार्डाची गरज संपली. जगातलं जवळजवळ कोणतंही गाणं मागता येऊ लागलं. वरवर पाहता निवडीचा प्रश्न इथं सुटायला हवा होता. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, बायांना विचारलेला एक प्रश्न होता: तुमच्याकडे स्वतः वापरता असा मोबाइल आहे का? देशात ५४ टक्के बायांनी हो म्हटलं. ग्रामीण भागात हे प्रमाण निम्म्याच्याही खाली, सुमारे ४७ टक्के होतं. नवऱ्याचा फोन स्वयंपाक होईपर्यंत हातात येतो, मुलाचा फोन तो कॉलेजला गेला की घरातून जातो. अशा बाईची ‘ऐकण्याची पद्धत’ काय, हे विचारण्याआधी फोन तिच्याकडे किती वेळ असतो, हे विचारायला हवं. कापसाच्या तासात एकीच्या फोनवर दहाजणी ऐकतात, त्याचं आपण सामूहिक ऐकण्याची परंपरा म्हणून कौतुक करू शकतो. पण दहाजणींत फोन एकच असेल, तर ते कौतुक अर्धवट ठरतं.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा की, यात माणसाच्या आतल्या आवडीला जागाच उरत नाही. एकाच घरात, एकाच दिवसक्रमात वाढलेल्या दोन भावांपैकी एक रात्रभर भजनाला बसतो आणि दुसरा जांभया देतो, ते का? आक्षेप रास्त आहे. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की काही निरोगी माणसांना पैशाच्या बक्षिसानं आनंद होतो पण संगीतानं होत नाही. त्यांची श्रवणशक्ती ठीक असते, सूर ओळखता येतात, फक्त त्यातून सुख मिळत नाही. म्हणजे काही फरक माणूस घेऊनच येतो. तरी आवडीचा मोठा भाग ओळखीतून तयार होतो, असंही पुरावे सांगतात. रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये मांडलेलं निरीक्षण आता मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे: एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना आपल्याला बेसूर वाटणारे स्वरमेळ सुरेल मेळांइतकेच आवडतात, असं २०१६ च्या एका अभ्यासात आढळलं. पाश्चात्त्य संगीत त्यांच्या कानावर फारसं पडलेलंच नव्हतं. किशोरवयात आणि पहिल्या तारुण्यात ऐकलेली गाणी माणसाला आयुष्यभर सगळ्यांत जवळची वाटतात, हेही वारंवार दिसून आलं आहे. पण त्या वयात कानावर काय पडलं, हे कोणी ठरवलं? ओसरीवरच्या रेडिओनं, सप्ताहाच्या मंडपानं, कॅसेट विकणाऱ्यानं. ज्याला आपण आतली आवड म्हणतो, तिच्यात कालच्या निवडीचे हक्क मुरलेले असतात.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. काम करता करता कानावर पडतं ते खरं ऐकणंच नव्हे, बैठकीत बसून, डोळे मिटून, रागाची बढत पावलापावलानं अनुसरणं म्हणजे ऐकणं. जर्मन विचारवंत थिओडोर अडोर्नो यांनी १९६२ च्या पुस्तकात श्रोत्यांची उतरंडच लावली होती. वर रचना पूर्ण समजणारा तज्ज्ञ, खाली करमणूक म्हणून ऐकणारा. बैठकीतल्या एकाग्र श्रवणाचं मोल मला कमी करायचं नाही. ख्याल समजायला ते लागतंच, आणि ते कमवावं लागतं. पण एकाच प्रकारच्या संगीताच्या गरजेवरून सगळ्या ऐकण्याची पट्टी ठरवणं चूक आहे. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा कोटी मानल्या, त्या एकाखाली एक नव्हेत. प्रत्येकीत गाणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांचं नातं निराळं आहे. संबळाच्या तालावर ज्याचं अंग हललं नाही, तो गोंधळाचा अधिक चांगला श्रोता ठरत नाही. काकड्यात मृदंगाबरोबर अचूक टाळ धरणाऱ्या शेतकऱ्याचं लक्ष बैठकीतल्या रसिकाहून कमी नसतं. ते त्याच्या मनगटात असतं, एवढंच.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो: इअरफोननं माणसं तोडली. सोनीनं १ जुलै १९७९ ला पहिला वॉकमन बाजारात आणला तेव्हा कंपनीलाही हीच धास्ती होती. एकट्यानं ऐकणं उद्धट दिसेल म्हणून त्यात दोन हेडफोनची सोय होती, आणि मध्येच एकमेकांशी बोलण्यासाठी एक बटण. पुढच्या नमुन्यांत ते बटण गेलं, कारण लोकांना ते नको होतं. यावरून माणूस मुळात एकटाच ऐकू इच्छितो असं म्हणावं, तर इंग्लंडमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आडवा येतो. ३४६ मोबाइलधारकांना १४ दिवस रोज एक संदेश पाठवून त्या क्षणी काय ऐकताय किंवा आधीच्या संदेशानंतर काय ऐकलंत, हे विचारलं गेलं. बहुतेक वेळा संगीत इतरांच्या सोबतीतच ऐकलं जात होतं. त्यातून मिळणारा आनंद मात्र ते स्वतः निवडलं होतं की नाही यावर बराच अवलंबून होता. इअरफोनच्या तारेत आपण एकटेपणा पाहतो. मला त्यात आधी निवड दिसते. सहा माणसांच्या दोन खोल्यांच्या घरात, जिथं बाजसुद्धा वाटून घ्यावी लागते, तिथं मुलाला किंवा सुनेला आपलं म्हणता येईल असा हा बहुधा एकच कोपरा. जात्यावरची पहाट बाईला हेच देत होती. इअरफोननं खरोखर काही नेलं असेल तर सोबत नव्हे, गळा. ओवी म्हणणारी बाई ऐकता ऐकता रचत होती. इअरफोनमधली बाई फक्त ऐकते. हे नुकसान खरं आहे, मोठं आहे, आणि त्याचा दोष तारेला देऊन ते भरून निघणार नाही.

निवडीच्या हक्काची एक काळी बाजूही आहे. आपल्या निवडीचा हक्क दुसऱ्याच्या कानांवर चालवला की काय होतं, ते उसाच्या ट्रॅक्टरवर आणि वरातीच्या डीजेवर दिसतं. ट्रॅक्टरवाल्याची बाजू ऐकून घ्यायला हवी. रात्रभर रांगेत थांबायचं, झोप आवरायची, बरोबर कोणी नाही, आणि इंजिनाच्या घरघरीवर गाणं ऐकू यायचं तर आवाज चढवावाच लागतो. त्याचं ऐकणंही त्याच्या कामानंच घडवलेलं आहे. पण कानाचं गणित सहानुभूती जाणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंतचा आवाज सुरक्षित. पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे पाच तास, ९८ ला पाऊण तासाहूनही कमी. भिंतीएवढे स्पीकर लावलेल्या वरातीत हा आठवड्याचा वाटा एका गाण्यात सरतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई केली आहे. हे नियम आवडीच्या विरोधात आहेत असं म्हटलं जातं, आणि देवळाचा, मशिदीचा किंवा लग्नाचा प्रश्न आला की श्रद्धेच्याही. मला ते आवडीच्या बाजूचे वाटतात. रस्त्याकडेच्या घरात निजलेल्या म्हाताऱ्याला, तान्ह्या बाळाला आणि परीक्षेच्या मुलीलाही ऐकण्याची निवड आहे. त्यात न ऐकण्याची निवडही येते.

आजचा पेच आणखी एका जागी आहे. यूट्यूबवर एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं. ते काय असावं, हे आधी ऐकलेल्याच्या नोंदीवरून यंत्र ठरवतं, आणि या सोयीला ‘तुमच्यासाठी’ असं नाव असतं. शहरातल्या माणसाच्या एकट्याच्या फोनवर ते काही अंशी खरं असेल. गावात एकच फोन चौघं वापरतात: आजोबा कीर्तन लावतात, मुलगा रिमिक्स, नात बडबडगीतं, सून मिळेल त्या वेळात काहीतरी. यंत्राला यातला एकच माणूस दिसतो, आणि ज्याच्या हातात फोन जास्त वेळ, त्याचं पारडं जड होतं. म्हणून सुनेनं फोन हातात घेतला की समोर येते ती दिराची किंवा सासऱ्याची यादी. तिला हवं ते शोधून काढावं लागतं, आणि शोधायला लिहिता यावं लागतं. ही अडचण आता थोडी कमी झाली आहे, कारण माइकच्या खुणेवर बोट ठेवून मराठीत बोललं तरी शोध लागतो. माजलगावच्या बायांच्या ओव्याही जाळ्यावर आहेत, पण यंत्र त्या आपण होऊन कोणापुढे आणून ठेवेल अशी शक्यता थोडी, कारण त्या फारशा वाजवल्या गेलेल्या नाहीत. त्या नाव घेऊन मागाव्या लागतात.